आरोपी कोण?



1975 साली अमेरिकेत फ्रेडा अ‍ॅडलरबाईंनी पुस्तकात मांडलं : बाई घराबाहेर पडली, संधी मिळाली, म्हणून तिचे गुन्हे वाढले. मी हिंगोलीचा माणूस विचारतो, आमची बाई घरात होती कधी? ती खुरपणीला, वेचणीला, ऊसतोडीला कायम बाहेरच!

उन्हाळ्यात हाताला काम नाही म्हणून भूमिहीन बाई भट्टी लावते. 1949 चा दारूबंदी कायदा तिची चूलच पंचनाम्यात नेतो. पारधीण तर जन्मानंच आरोपी. ब्रिटिशांनी 1871 ला आणलेला गुन्हेगार जमाती कायदा 1952 ला गेला. ठाण्यातली नजर गेली नाही.

म्हणून पोरांनो, बाईचा गुन्हा मोजताना नुसतं कलम लिहू नका. तिची जात, जमीन, मजुरी लिहा. मग कळेल, आरोपी कोण ते!