पुलाखालचे खांब बोलू लागले



मी वकील आहे. हक्क म्हटला की कागद, सही व साक्षीदार शोधण्याची मला सवय जडली आहे. आज मात्र मी आपणांस अशा एका समाजाची हकीकत सांगणार आहे, की ज्याने आपली कैफियत पुलाच्या खांबांवर रंगांनी लिहिली.

सन १८४८ मध्ये युद्धात हरलेल्या मेक्सिकोने कॅलिफोर्नियासह आपला मोठा मुलूख अमेरिकेस दिला. तेथील रहिवाशांच्या मालमत्तेस संरक्षण देण्याचे वचन तहात होते. परंतु १८५१ च्या कायद्याने मालकी शाबीत करण्याचा बोजा जमीनधारकांवरच टाकला, आणि दाव्यांच्या खर्चात अनेकांच्या जमिनी गेल्या. वचन कागदावर राहिले.

१९३२ साली सिकेरॉस या मेक्सिकन चित्रकारास लॉस एंजेलिस येथे भिंतीवर उष्ण कटिबंधाचे चित्र काढावयास सांगण्यात आले. त्याने क्रूसावर खिळलेला मूळ रहिवासी रंगविला आणि त्याच्या माथ्यावर अमेरिकेचा गरुड बसविला. त्या चित्रावर लवकरच पांढरा रंग फासण्यात आला. सत्य पुसावयास एक कुंचला पुरतो, असे तेव्हा वाटले असेल. पण १९६० नंतरच्या दशकात तो रंग उडू लागला व खालचे चित्र डोकावू लागले. २०१२ पासून ते लोकांस पाहावयास खुले आहे.

आता सॅन दिएगोतील लोगन वस्तीकडे वळू. प्रथम भंगारखाने, १९६३ मध्ये महामार्ग, १९६९ मध्ये कोरोनाडोचा पूल. वस्ती दुभंगली, घरे पाडली गेली. पुलाखाली उद्यान करून देण्याचे आश्वासन मिळाले होते. २२ एप्रिल १९७० रोजी लोकांस दिसले की, तेथे महामार्ग पोलिसांच्या ठाण्यासाठी यंत्रे जमीन खणीत आहेत. बायका, मुले, विद्यार्थी यंत्रांभोवती साखळी करून उभे राहिले. त्यांनी निवडुंग व फुलझाडे लावली. बारा दिवस जागा सोडली नाही. अखेर उद्यान मान्य झाले.

१९७३ पासून त्या खांबांवर चित्रे उमटू लागली. त्यांत क्रांतिकारक झपाटा आहे, शेतमजुरांचा पुढारी सीझर चावेझ आहे, प्राचीन अॅझटेक देवता आहेत. ज्या काँक्रीटने घरे गिळली, त्याच काँक्रीटवर त्या लोकांनी आपला इतिहास लिहिला. २०१६ साली त्या स्थळास राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

‘चिकानो’ हा शब्दही एके काळी हिणविण्यासाठी वापरीत. त्या तरुणांनी तोच स्वतःचे नाव म्हणून घेतला आणि उद्यानास दिला.

वाचकहो, एक गोष्ट ध्यानात ठेवा. चित्रे जमीन मिळवीत नाहीत. ती माणसांनी उभे राहून मिळविली, चित्रे मागाहून आली. परंतु आपण कोण व ही जागा कशी मिळाली, हे जो समाज लिहून ठेवीत नाही, त्याच्या मुलांस तीच लढाई पुन्हा पहिल्यापासून लढावी लागते. त्या खांबांनी मुलांचा तेवढा भार हलका केला आहे.