उत्तरेच्या भिंतीवरचं ऊन

सोलापूरचं ऊन म्हटलं, की आपण पडदे ओढून घेतो. पण हे ऊन वर्षभर कसं सरकतं, ते पाहण्यासारखं आहे. आपलं शहर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, साधारण 17.7 अंश उत्तर अक्षांशावर आहे. म्हणून वर्षातून दोनदा, मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या सुरुवातीला, भरदुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. मे महिन्यात त्या दिवशी 12 वाजून 23 मिनिटांच्या सुमारास अंगणात सरळ काठी उभी करा, सावली जवळपास नाहीशी होईल. ऑगस्टमध्ये ढगांनी साथ द्यायला हवी! या दोन दिवसांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो आणि एरवी सावलीतली उत्तरेची भिंत उजळते.

संध्याकाळी सिद्धेश्वर तलावावर जा. मावळतीचे किरण हवेच्या जाड थरातून येतात. वाटेत निळा रंग विखुरतो, तांबडा उरतो आणि पाण्यावर, मंदिरावर, शेजारच्या भुईकोट किल्ल्याच्या तटावर पसरतो.

मुलांसोबत एक प्रयोग करा. गच्चीवर दर महिन्याला एकाच वेळी काठीच्या सावलीचं टोक रंगानं नोंदवा. वर्षभरात सूर्याची वाट तुम्हांला स्वतःच वाचता येईल.