शिक्षा आणि सिक्खा
(विहाराच्या वर्षावास कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्हाला विषय दिला आहे शिक्षेचा. का दिला, ते गेवराईतल्या आपल्या वस्तीत सर्वांना ठाऊक आहे. मागच्या महिन्यात विहाराची दानपेटी फुटली. फोडणारा पोरगा आपल्यातलाच निघाला, बरेचसे पैसेही परत मिळाले. परंतु बैठकीत ठराव आला की त्याला व त्याच्या घरच्यांना विहाराची पायरी चढू द्यायची नाही, त्यांच्या दारी कुणी जायचं नाही, मंगल परिणयाला वा पुण्यानुमोदनाला त्यांना बोलवायचं नाही. ठराव पुढच्या बैठकीवर ठेवला आहे. म्हणून आज बोलणे भाग आहे.

आपण पंचशील घेतो तेव्हा पाच वेळा 'सिक्खापद' म्हणतो. सिक्खा म्हणजे शिकणे, स्वतःला वळण लावणे. संस्कृतात तिलाच शिक्षा म्हणतात. मराठीत येईपर्यंत त्याच शब्दाचा अर्थ छडी आणि तुरुंग झाला! 'दंड' तर मुळात काठीच. मनुस्मृतीत या दंडाची थोरवी गायली आहे, पण तिथला दंड अपराध पाहून ठरत नाही, अपराध्याचा वर्ण पाहून कमी-जास्त होतो. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या उपस्थितीत मनुस्मृतीचे दहन झाले, ते उगीच नव्हे.

आता आमचे स्वतःचे सांगतो. आम्ही नोकरीत असताना छडी वापरली आहे. एक लेकरू दिवाळीनंतर आईबापाबरोबर फडावर जायचं आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत यायचं. पाढे विसरलेलं. आम्ही त्याला हातावर मारलं, दोन दिवस मारलं. तिसऱ्या दिवसापासून ते आलंच नाही. त्याच्या बापाला पुढे बाजारात विचारलं तर तो म्हणाला, "गुरुजी, ते आता कोयत्याला लागलं." आम्ही शिकवलं काय? तर शाळा टाळायला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलांना मारण्यास व त्यांचा मानसिक छळ करण्यास बंदी केली, तेव्हा पुष्कळ गुरुजी कुरकुरले. आम्ही कुरकुरलो नाही, कारण ते लेकरू डोळ्यापुढे होतं.

फडाची गोष्ट निघाली म्हणून खाड्याविषयी बोलू. समोर बसलेल्या निम्म्या घरांना तो समजावून सांगायची गरज नाही. उचल घेतलेली, जोडपं म्हणजे एक कोयता, आणि एक दिवस काम चुकलं की मुकादम दंड कापतो. ताप असो, पाळी असो, बाळंतपण असो. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड बायांच्या पिशव्या काढल्याचे प्रकरण राज्यभर गाजले, शासनाला समिती नेमावी लागली. खाडा पडू नये, दंड बसू नये, हे एक कारण बायांनी स्वतःच्या तोंडाने सांगितले. दंडाने वागणूक बदलते का? बदलते की! खाडे कमी झाले. पण ज्या बाईने काही अपराधच केला नव्हता तिने दंडाला भिऊन स्वतःचं शरीर कापून घेतलं.

अशा प्रसंगी सगळे वक्ते अंगुलीमालाचं सांगतात. आम्ही छन्नाचं सांगणार. छन्न हा सिद्धार्थाचा सारथी. पुढे भिक्खू झाला, पण जुन्या ओळखीचा ताठा गेला नाही; कुणाचं ऐकायचा नाही. महापरिनिर्वाणाच्या वेळी तथागतांनी आनंदाला सांगितले की छन्नाला ब्रह्मदंड द्यावा. म्हणजे काय? त्याने हवं ते बोलावं, भिक्खूंनी त्याच्याशी बोलू नये, त्याला उपदेशही करू नये. आनंदाने कोसंबीला जाऊन तो निरोप दिला तेव्हा छन्न मूर्च्छित होऊन पडला. मग एकांतात राहून त्याने साधना केली आणि अर्हत झाला. त्याने येऊन विनंती केली, दंड मागे घ्या. आनंद म्हणाले, तू अर्हत झालास त्याच क्षणी तो संपला.

कुणी म्हणेल, मग हाही बहिष्कारच की. नाही, नीट पाहा. दंड छन्नाला होता, त्याच्या नात्यागोत्याला नव्हता. त्याच्या अंगाला कुणी हात लावला नाही. कशासाठी हे त्याला ठाऊक होतं. आणि मुख्य म्हणजे तो संपणारा होता, संपवणं छन्नाच्याच हाती होतं.

गावाने आपल्यावर घातलेला बहिष्कार कसा होता? पाणी बंद, दुकान बंद, काम बंद. तो सुधारण्यासाठी नव्हता, गुडघ्यावर आणण्यासाठी होता. जुन्या माणसांना आठवत असेल. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, तो २०१७ पासून लागू आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. धर्मस्थळी येऊ न देणे, कार्यक्रमातून वगळणे, संबंध तोडायला लावणे, हे सारे त्यात गुन्हे आहेत. आमचे म्हणणे कडू लागेल, पण आपला ठराव त्या कायद्यात नेमका बसतो.

बैठकीत एक ज्येष्ठ उपासक म्हणाले, "मग चोराला ओवाळायचं का?" त्यांचा प्रश्न खोटा नाही. शिक्षाच नको असे आम्ही म्हणत नाही. अस्पृश्यता पाळणे हा गुन्हा ठरवला तो संविधानाच्या सतराव्या कलमाने, आणि १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा नसता तर आपल्या कित्येक बायाबापड्यांना दारही दिसलं नसतं. दुबळ्याला वाचवायला शिक्षा लागते. मात्र वाचवणं आणि सुधारणं ही कामे दोन आहेत, एका काठीने दोन्ही होत नाहीत.

सुधारण्याचं कसं होतं ते पाहायचं असेल तर आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरला पाहावं. १९३९ मध्ये औंध संस्थानाने तिथे कैद्यांना कुटुंबासह राहू दिलं, शेती करू दिली. शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ' त्यावरूनच सुचला. तेवढं लांब कशाला, आपल्या शेजारी पैठणला खुलं कारागृह आहे. जन्मठेपेचे कैदी शेतात राबतात. मोकळ्या रानात माणूस पळून का जात नाही, याचा विचार करा.

तर आमची सूचना अशी. पोराने उरलेले पैसे हप्त्याने भरावेत. दर रविवारी बालवर्गाच्या आधी विहार झाडावा, कठड्याला रंग द्यावा. १४ ऑक्टोबरपर्यंत एवढं झालं की विषय बंद, पुन्हा कुणी काढायचा नाही. दानपेटीची नवी किल्ली दोघांकडे राहावी, हीसुद्धा आपलीच चूक होती. आणि त्याची आई दर पौर्णिमेला खीर करायची, ती गेल्या पौर्णिमेला आली नाही. तिला बोलवायला आज कोण जाणार, तेवढं बैठकीआधी ठरवा. आम्ही यायला तयार आहोत.

जयभीम.