घरून काम म्हणजे कुठूनही काम नव्हे
(महाड येथे विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मी वकील नाही. इंजिनिअरिंग केलं आणि गेली दहा-बारा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यातली बरीच वर्षं घरून. तरी आज लॉच्या मुलामुलींपुढे बोलायला उभा आहे, त्याला कारण माझी भाची. ती पुण्यात पाच वर्षांच्या लॉ कोर्सला आहे. गेल्या उन्हाळ्यात तिला मुंबईतल्या एका लॉ फर्मची चार आठवड्यांची ऑनलाइन इंटर्नशिप मिळाली. लगेच बेत ठरला: आधी महाडला नानीकडे, मग पोलादपूरला खालाकडे, शेवटी आंबेनळी घाट चढून मैत्रिणींबरोबर महाबळेश्वर. मला म्हणाली, "मामू, घरून काम म्हणजे कुठूनही काम, नाही का?"

मी तिला माझीच फजिती सांगितली. नोकरीला लागून वर्षच झालं होतं. घरून काम करायची परवानगी होती. एकदा मी न सांगता एस.टी.त बसलो आणि मीटिंगला फोनवरून हजर झालो. "घरीच आहे," असंही सांगितलं. तेवढ्यात कंडक्टर ओरडला, "पोलादपूर, पोलादपूरवाले उतरा!" सगळे हसले. माझे वरिष्ठ मात्र हसले नाहीत. नंतर म्हणाले, "सांगितलं असतंस तर मीटिंग तासभर पुढे ढकलली असती. आता दर वेळी तू कुठे आहेस हे मला विचारावं लागेल." पुढचे सहा महिने ते खरोखर विचारत होते.

म्हणून पहिली गोष्ट: आधी विचारा. कोणत्या तारखेला कुठे असाल, कोणत्या वेळी रस्त्यावर असाल, हे पहिल्याच दिवशी लिहून कळवा. भाचीने तसं कळवलं. फर्मने उत्तर दिलं की, प्रवास करा, पण कामाच्या वेळात नको आणि कागद सार्वजनिक ठिकाणी उघडू नका. महाबळेश्वर शनिवार-रविवारवर गेलं, एवढंच. घाटात नेटवर्क जातं, पाऊस सुरू झाला की वीज जाते, हे आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा उद्या द्यायचा मसुदा आज संध्याकाळीच पाठवायचा, हा नियम तिने स्वतःला घालून घेतला.

दुसरी गोष्ट कागदांची. माझ्या कामात चूक झाली तर ॲप बंद पडतं. वकिलाच्या कामात कागद फुटला तर माणसाची अब्रू जाते. अशिलाने वकिलाला सांगितलेली गोष्ट गुप्त राहिली पाहिजे, हे भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ मध्ये आहे आणि ते वकिलाच्या कारकुनाला व कर्मचाऱ्यांनाही लागू आहे. आपण शिकाऊ आहोत म्हणून आपली जबाबदारी कमी होत नाही. हॉटेलच्या मोकळ्या वायफायपेक्षा स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट बरा. इअरफोन लावले तरी समोरच्याचा आवाज झाकतो, तुमचा नाही. आणि झेरॉक्सच्या दुकानात व्हॉट्सॲपवर पाठवलेली पीडीएफ त्या दुकानाच्या कॉम्प्युटरवर तशीच पडून राहते. भाऊ ओळखीचा असला तरी तिथे अशिलाचा कागद पाठवू नका.

आता खरी परीक्षा. दुसऱ्या आठवड्यात भाचीला एका पोटगीच्या प्रकरणाचा तारीखवार गोषवारा करायला दिला. अर्जात बाईच्या माहेरचं गाव लिहिलेलं होतं, आपल्याच तालुक्यातलं. आडनावही नानीच्या बोलण्यात येणारं. कोकणातली निम्मी घरं मुंबईत आणि निम्मी गावात, त्यामुळे यात नवल नाही. नानी शेजारच्या खोलीत होती. "अमुक घरातली ती कोण गं?" एवढं विचारलं असतं तर पाच मिनिटांत सगळा इतिहास कळला असता, आणि संध्याकाळपर्यंत गावालाही.

तिने लॅपटॉप मिटला आणि फर्ममधल्या वरिष्ठ वकीलबाईंना फोन केला, "पक्षकार माझ्या ओळखीतले असू शकतात." त्यांनी तो कागद काढून घेतला आणि दुसरं काम दिलं. नानीला आजही काही माहीत नाही. मीही तुम्हाला गाव सांगणार नाही. खरं तर मलाही ते माहीत नाही, तिने मलासुद्धा सांगितलेलं नाही. आपण ज्याला अमानत म्हणतो, ती हीच.

तिसरी गोष्ट. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे पाच वर्षांच्या कोर्सला एकूण २० आठवडे आणि तीन वर्षांच्या कोर्सला १२ आठवडे इंटर्नशिप लागते. एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त चालत नाही. शिवाय खटला आणि अपील चालवणाऱ्या वकिलांकडे एकदा तरी काम करावंच लागतं. म्हणजे सगळं पडद्यावर भागत नाही. भाची सुट्टीच्या दिवशी महाडच्या कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसली. परत आल्यावर म्हणाली, "मामू, फाइलमध्ये 'अर्जदार' असते, इथे ती लेकराला कडेवर घेऊन उभी असते."

हे कोर्ट लहान समजू नका. चवदार तळ्याचा दावा १२ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्याच दिवाणी कोर्टात डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध दाखल झाला. हायकोर्टाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला १७ मार्च १९३७ रोजी. नऊ वर्षांहून जास्त काळ. त्याच डिसेंबरात परिषदेला जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. ज्या गावातून आपण "नेटवर्क नाही" म्हणून पळायला बघतो, त्या गावाला कायद्याचा एवढा इतिहास आहे.

तेव्हा उन्हाळ्यात फिरा, नानीकडे राहा, घाट चढा. फक्त फर्मला खरं सांगून निघा, दुसऱ्याचा कागद स्वतःच्या घरातला असल्यासारखा जपा, आणि एक दिवस तालुक्याच्या कोर्टासाठी ठेवा. ज्यांना अर्जाचा ईमेल लिहायचा असेल त्यांनी नंतर थांबा, आपण इथेच बसून लिहू.