खेळ बंद करू नका
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



पुष्कळ घरांतून आढळणाऱ्या एका प्रश्नाविषयी आज चार शब्द बोलते. मूल खो-खोत चपळ असते, तोंडी हिशेब चटकन् सांगते. पण वाचायला बसले की ‘घ’चा ‘ध’ होतो, जोडाक्षरावर अडते. मग आपण म्हणतो, खेळाने वाया गेले, खेळ बंद करा. आपल्या शिंगणापुरात तर साडेसातीही लगेच आठवते!

भगिनींनो, हा आळस नव्हे आणि ग्रहपीडाही नव्हे. १८९६ साली इंग्लंडातील डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी १४ वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा हुशार, खेळातही तरतरीत. पण सातव्या वर्षापासून शिकवूनही त्याला साधे शब्द वाचता येईनात. सारे शिक्षण तोंडी असते तर हाच शाळेत सर्वांत हुशार ठरेल, असे त्याच्या मास्तरांचे मत होते. यालाच डिस्लेक्सिया म्हणतात. बुद्धी शाबूत असते. अक्षर आणि उच्चार यांची सांगड मात्र सहज बसत नाही.

माझ्या मुलीच्या वेळीही “खो-खो सोडवा” असा सल्ला मिळाला. मी तो मानला नाही. तिला ‘शाबास’ ऐकू येई ते फक्त मैदानावर. तेही काढून घेतले तर अभ्यासाला उभारी कोठून यावी? शाळा सुटल्यावर खेळ, मग थोडा विसावा. रात्री मी धडा मोठ्याने वाचायचा, तिने ऐकून सांगायचा, मग बोट ठेवून मोजक्याच ओळी वाचायच्या. सामन्यांच्या दिवसांत बुडालेला अभ्यास शिक्षकांना विचारून तोंडी भरून काढायचा. ती आजही सावकाश वाचते. पण पुस्तक पाहून रडत नाही.

अशा मुलांना परीक्षेत सवलती देण्यास महाराष्ट्रात १९९६ साली सुरुवात झाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही या अडचणीचा समावेश आहे. प्रमाणपत्र असल्यास जादा वेळ, लेखनिक अशी सोय मिळते. ही भीक नव्हे, हक्क आहे. म्हणून मूल आठ वर्षांचे होऊनही वाचनात अडत असेल, तर मुख्याध्यापकांना भेटा, सरकारी रुग्णालयात चौकशी करा. शनिदेवाला तेल जरूर वाहा, पण तपासणीही करून घ्या.

घरांना दारे नसण्याबद्दल ज्या गावाची ख्याती, त्या गावात लेकरांना मैदानाचे दार तरी बंद नसावे, एवढेच सांगून मी आपली रजा घेते.