कुंपणच शेत खातं तेव्हा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला ‘सायबर सुरक्षा’ हा विषय दिला आहे. सकाळपासून चौघांनी मला गाठून ओटीपी आणि ‘डिजिटल अरेस्ट’बद्दल विचारलं. त्या चोरांविषयी रोज पेपरात येतं, म्हणून आज मी त्यांना सुट्टी देतो आणि शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या माणसाबद्दल बोलतो. मी बँकांच्या संगणक यंत्रणा सांभाळण्याचं काम करतो. माझी झोप बाहेरच्या हॅकरपेक्षा आतल्या माणसाने जास्त वेळा उडवली आहे. बाहेरच्याला कुलूप तोडावं लागतं. आतल्याला किल्ली आपणच दिलेली असते.

एक जुनी गोष्ट सांगतो. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड राज्यात मरूची नावाचा समुद्रकाठचा भाग आहे. तिथल्या पालिकेची सांडपाण्याची १४२ पंपिंग स्टेशनं रेडिओच्या लहरींवरून संगणकाने चालवली जात. २००० सालच्या सुरुवातीला पंप आपोआप बंद पडायला लागले. धोक्याची घंटा वाजायला हवी तेव्हा वाजेना. नवीच यंत्रणा, म्हणजे तिच्यातच खोट असणार असं समजून इंजिनिअर वायरी तपासत बसले. तोवर सुमारे ८ लाख लिटर मैला बागांत, ओढ्यांत आणि एका बड्या हॉटेलच्या आवारात पसरला. ओढ्याचं पाणी काळं पडलं, मासे मेले. २३ एप्रिलला पोलिसांनी एक गाडी अडवली, तर आत लॅपटॉप आणि रेडिओ संच. गाडीतला माणूस विटेक बोडेन. ज्या कंपनीने ती यंत्रणा बसवली, तिथेच तो आधी कामाला होता. तिथे बिनसलं म्हणून बाहेर पडला, पालिकेत नोकरी मागितली, पालिकेने नाही म्हटलं. मग गाडीत बसून त्याने त्याच यंत्रणेला खोटे हुकूम पाठवले, एकदा नव्हे, ४६ वेळा. त्याला २ वर्षांची कैद झाली.

यात हॅकिंगची करामत जवळजवळ काहीच नव्हती. होता तो राग, आणि सोबत कामाची पक्की माहिती.

दुसरा किस्सा अमेरिकेतला, थोडक्यात. यूबीएस पेनवेबर या कंपनीत रॉजर डुरोनिओ नावाचा सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर होता. बोनस अपेक्षेपेक्षा कमी मिळाला म्हणून तो धुसफुसत राहिला आणि नोकरी सोडून गेला. जाण्याआधी एक प्रोग्रॅम पेरून गेला होता. ४ मार्च २००२ रोजी सकाळी हजाराहून जास्त संगणकांवरच्या फाइली पुसल्या गेल्या. शेअर पडला की आपला फायदा व्हावा असे सौदेही त्याने करून ठेवले होते! शेअर काही पडला नाही, आणि त्याला ९७ महिन्यांची शिक्षा झाली.

कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि अमेरिकेची सीक्रेट सर्व्हिस यांनी अशा ४९ घटना तपासून २००५ साली अहवाल काढला. त्यात बहुतेक ठिकाणी आधी नोकरीत काहीतरी कटू घडलं होतं: कामावरून काढणं, वरिष्ठांशी भांडण, नको ती बदली. आणि बहुतेकांचं वागणं हल्ल्याच्या आधीच बदललेलं होतं. ते सहकाऱ्यांना दिसतही होतं. कामाला उशिरा येणं, बोलणं तोडणं, ‘मी गेलो की कळेल यांना’ असली वाक्यं. संगणकावरच्या खुणा वेगळ्या: गरज नसताना अपरात्री लॉगिन, आपल्या कामाशी संबंध नसलेल्या फाइली उघडणं, स्वतःसाठी एखादं चोरखातं तयार करून ठेवणं. दोन्ही प्रकार एकदम दिसले की मी ताठ बसतो. नुसत्या रागाने कुणी चोर होत नाही. तसं असतं तर मार्चअखेरीला सगळ्या बँकाच बुडाल्या असत्या.

पण रागीट माणसावर लक्ष ठेवलं की झालं, असंही नाही. मुंबईच्या ब्रॅडी हाउसमधल्या पंजाब नॅशनल बँकेच्या शाखेचं प्रकरण तुम्हाला आठवत असेल. जानेवारी २०१८ मध्ये उघडकीला आलं, रक्कम पुढे १३,००० कोटींच्या वर गेली. तपास यंत्रणांचा आरोप असा की तिथला एक उपव्यवस्थापक ‘स्विफ्ट’वरून परदेशी बँकांना हमीपत्रं पाठवत होता, आणि त्यांची नोंद बँकेच्या मुख्य प्रणालीत होतच नव्हती, कारण त्या दोन यंत्रणा एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या. तो अधिकारी २०१० पासून निवृत्तीपर्यंत, म्हणजे २०१७ पर्यंत, त्याच शाखेत होता. तो गेला, नवा माणूस बसला, त्याने नेहमीचे प्रश्न विचारले आणि बिंग फुटलं. एकाच खुर्चीला वर्षानुवर्षं चिकटलेल्या माणसाला आपल्याकडे ‘शाखेचा आधारस्तंभ’ म्हणतात, त्याचा सत्कार करतात. मी मात्र आधी त्याची रजेची वही मागवतो. रिझर्व्ह बँकेनेही नाजूक जागांवरच्या कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा सलग किमान १० कामाचे दिवस, आधी न सांगता, सक्तीची रजा द्यायला सांगितलं आहे. माणूस जागेवर नसला की त्याने लपवलेलं वर येतं.

आता याची दुसरी बाजू, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. एका संस्थेत, नाव सांगत नाही, सर्व्हरचं काम बघणारा एक मुलगा रात्री दोन-अडीचला लॉगिन करताना दिसू लागला. दिवसा चिडचिडा, जेवायला कुणाबरोबर बसत नाही. खुणा सगळ्या पुस्तकातल्यासारख्या. एका वरिष्ठाचं म्हणणं पडलं की त्याला काही न बोलता कॅमेरा लावा आणि लॅपटॉप ताब्यात घ्या. मी म्हटलं, आधी नोंदी बघू. बघितल्या. तो रात्री फक्त स्वतःचंच काम करत होता, इकडेतिकडे कुठेही हात लावलेला नव्हता. मग त्याच्या साहेबांनी त्याला चहाला नेऊन विचारलं. वडील आयसीयूत, दिवसभर हा हॉस्पिटलमध्ये, रजा मागायची भीती, कारण त्याचं काम दुसऱ्या कुणाला येतच नव्हतं. त्याला रजा मिळाली आणि त्याचं काम दुसऱ्याला शिकवलं गेलं. कॅमेरा लावला असता आणि ते त्याला कळलं असतं, तर ज्याची भीती होती तसला दुखावलेला माणूस आम्हीच घडवला असता, तोही सर्व्हरच्या किल्ल्या हातात असलेला.

म्हणून कर्मचाऱ्यांचे मेसेज वाचणारी, त्यांच्या ‘मूड’ला गुण देणारी सॉफ्टवेअरं विकायला लोक आले की मी फार उत्साह दाखवत नाही. नोंदी यंत्राने ठेवाव्यात. माणसाला काय झालंय हे त्याच्या साहेबाने विचारावं. आपल्या बाईंना हे कुठल्या सॉफ्टवेअरशिवाय जमायचं. मागच्या बाकावरचा एखादा दोन दिवस गप्प असला की तिसऱ्या दिवशी त्याला फळा पुसायला थांबवून घ्यायच्या, आणि फळा पुसून झाला तरी तो बराच वेळ बाहेर यायचा नाही.

इथे बसलेल्यांपैकी कुणी पतसंस्थेवर आहे, कुणाचा कारखाना आहे, दोघांची हॉस्पिटलं आहेत. तुमच्याकडून गेल्या वर्षभरात जे जे सोडून गेले त्यांची यादी काढा, आणि त्यांतल्या किती जणांचे पासवर्ड अजून चालू आहेत ते विचारा. शेवटच्या दिवशी पुष्पगुच्छ देता, त्याच दिवशी ते बंद व्हायला हवेत. मोठी रक्कम एकट्याच्या सहीने किंवा एकट्याच्या पासवर्डने बाहेर जाते का, तेही बघा. आणि कुणाचं प्रमोशन अडवलं असेल तर कारण त्याला समोर बसवून सांगा, नोटीस बोर्डावरून नको.

प्रश्न असतील तर जेवणाच्या पंगतीत विचारा. मी श्रीखंडाच्या बाजूला सापडेन.