कॅमेरा कोणाच्या हाती?



सामाजिक प्रश्नांवरील चित्रफीत म्हटली की निवेदकाचा भारदस्त आवाज आणि मागे मुकाट्याने राबणारी माणसे, हेच दृश्य डोळ्यांसमोर येते. अहमदाबादच्या ‘सेवा’ या कष्टकरी स्त्रियांच्या संघटनेने १९८४ मध्ये निराळी वाट धरली. इलाबेन भट्ट यांनी १९७२ मध्ये उभारलेल्या या संघटनेतील सुमारे वीस जणींनी मार्था स्टुअर्ट यांच्याकडून व्हिडिओ चित्रणाचे शिक्षण घेतले. त्यांत भाजी विकणाऱ्या होत्या. काहींना अक्षरओळखही नव्हती. माणेक चौकातील भाजीवालींचा जागेसाठीचा झगडा त्यांनीच चित्रित केला. जिने स्वतः रस्त्यावर टोपली मांडली, तीच प्रश्न विचारू लागली की उत्तरही मोकळे मिळते. एरवी कचेरीत आलेली बाई दोन शब्दांत आटोपते, हा तर नित्याचा अनुभव!

आता कॅमेरा ग्रामपंचायतीच्या शिपायाच्याही खिशात आहे. तेव्हा पाणीटंचाईवर चित्रफीत करावयाची झाल्यास तो हंडा वाहणारीच्या हाती द्यावा आणि तयार झालेली चित्रफीत जिल्ह्याला धाडण्यापूर्वी ग्रामसभेत दाखवावी. काही चुकले असेल तर तेथेच कोणीतरी उठून सांगेल.